केंद्राचेही ‘नवे-जुने’ सुरूच. सरकारी खर्चाला कात्री का हवी?

मार्च उजाडला की जालना जिल्ह्यातील इतर गावांप्रमाणेच भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यातही पीककर्जाच्या ‘नव्या-जुन्या’ची धावपळ सुरू होते. चार दिवसांसाठी हातउसने पैसे आणायचे, बँकेत जुने कर्ज भरायचे, नवे उचलायचे आणि हातउसने फेडून टाकायचे. खाते नियमित राहते, कर्ज मात्र जिथल्या तिथे. केंद्र सरकारचा कारभारही आज याच वळणावर आहे.

आकडे काय सांगतात?
२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये धरला होता. त्यातील १५.६९ लाख कोटींची तूट प्रामुख्याने कर्जातून भरून काढायची होती. त्याच वर्षी जुन्या कर्जाचे नुसते व्याजच १२.७६ लाख कोटी. म्हणजे नव्या कर्जाच्या १०० रुपयांमागे ८१ रुपये जुन्या व्याजाएवढे. महसुली उत्पन्नाच्या १०० रुपयांतूनही ३७ रुपये व्याजात जातात.

हे व्याज रोजचे सुमारे ३,५०० कोटी होते. ‘पीएम किसान’ योजनेची वर्षभराची तरतूद ६३,५०० कोटी, म्हणजे फक्त १८ दिवसांचे व्याज. जालना-भोकरदन-सिल्लोड-जळगाव या १७४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्याचा अंदाजित खर्च सुमारे ७,१०० कोटी, म्हणजे जेमतेम दोन दिवसांचे व्याज!

कर्ज काढणेच चूक आहे का?
नाही. विहिरीसाठी काढलेले कर्ज वेगळे आणि लग्नाच्या थाटासाठी काढलेले वेगळे. रेल्वे, रस्ते यांतून पुढे उत्पन्न वाढते. अडचण आहे ती महसुली तुटीची. पगार, अनुदाने, व्याज अशा चालू खर्चासाठी सरकारला याच वर्षी ५.२४ लाख कोटी रुपये उसने घ्यावे लागणार होते. कात्री लावायची ती इथे, रेल्वेमार्गाला नव्हे.

तूट कमी होतेच आहे ना?
होते आहे. कोरोनाच्या २०२०-२१ या वर्षात ती जीडीपीच्या ९.२ टक्के होती. २०२५-२६ साठी ४.४ टक्क्यांचे उद्दिष्ट होते. पण २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्याने तूट ३ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले होते. २००७-०८ चा अपवाद वगळता ते कधीच साधले नाही. मुदत मात्र वारंवार पुढे ढकलली गेली.

कात्री कुठे लावायची?
पहिली जागा तोट्यातील सरकारी कंपन्या. एअर इंडियाचा रोजचा तोटा सुमारे २० कोटी होता. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली आणि करदात्यांच्या खिशाला लागलेली ही गळती थांबली. उलट, बीएसएनएलसाठी २०१९ पासून तीन पॅकेजेस मिळून ३ लाख कोटींहून अधिक रकमेची तजवीज झाली.

दुसरी जागा एकाच कामासाठी चालणाऱ्या अनेक योजना. प्रत्येकीचे कार्यालय, जाहिरात आणि पोर्टल वेगळे. त्या एकत्र केल्या तर लाभार्थ्याचा रुपयाही कमी न करता खर्च वाचतो.

तिसरी आणि सर्वांत नाजूक जागा खतांची. २०२५-२६ मध्ये खत अनुदानाची तरतूद १.६८ लाख कोटी होती. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांत मिळते. खरी किंमत त्याच्या कितीतरी पट आहे. स्वस्त म्हणून युरिया जास्त पडतो, पालाश मागे राहते आणि जमिनीचा पोत बिघडतो. हेच अनुदान एकरी हिशेबाने थेट खात्यात दिले तर उधळपट्टी थांबेल.

शेतकऱ्याने भरवसा का ठेवावा?
हा प्रश्न रास्त आहे. गॅस सिलिंडरचे अनुदानही आधी खात्यात आले आणि २०२० मध्ये बहुतेक ग्राहकांसाठी बंद झाले. त्यामुळे खताच्या किमतीशी जोडलेली रक्कम कायद्याने बांधून द्यावी आणि मगच गोणीचा दर मोकळा करावा. बचतीची सुरुवातही शेतकऱ्यापासून नको. तोट्यातील कंपन्या आणि दुहेरी योजना आधी.

गावाला याचे काय?
बँकांना ठेवींचा किमान १८ टक्के हिस्सा सरकारी रोख्यांसारख्या साधनांत ठेवावाच लागतो. प्रत्यक्षात त्या याहून अधिक ठेवतात. सरकारची उचल जितकी मोठी, तितका दुकानदाराच्या आणि शेतकऱ्याच्या कर्जासाठी हात आखडता. आणि व्याज भरायला लागणारा जीएसटी केदारखेड्यातल्या किराणा दुकानातूनही जातो. ज्यांची मुले आज शाळेत आहेत, त्यांना हे कर्ज वारशाने मिळणार आहे. वारसा द्यायचाच असेल तर तो रेल्वेमार्गाचा असावा, व्याजाचा नको.