दीडशे रुपयांना एक कुंडी विष

मागच्या शनिवारी सकाळी मी लॅपटॉप उघडून (सुट्टीच्या दिवशी, हो!) ऑफिसचा एक बग शोधत बसलो होतो. दीड वर्षांची लेक गॅलरीत कुंड्यांपाशी खेळत होती. एकदम शांत. मूल शांत झालं की उठून बघावं हे मला माहीत होतं, पण लॉग फाइल काही संपेना. मग अचानक किंकाळी. जाऊन बघतो तर तोंडातून लाळ गळतेय, ओठ लालभडक आणि मुठीत पांढऱ्या ठिपक्यांच्या पानाचा तुकडा.

मी लगेच गूगल उघडलं. पण झाडाचं नावच माहीत नाही, तर शोधणार काय, कप्पाळ? "हिरवं पान पांढरे ठिपके" टाइप करेपर्यंत आईने बोट घालून तिच्या तोंडातला चोथा काढला, ओल्या फडक्याने जीभ पुसली आणि म्हणाली, "अरे, कच्चा अळू चावल्यासारखं झालंय तिला. चल डॉक्टरांकडे. आणि ते पान बरोबर घे."

आईचं निदान अचूक होतं! झाड निघालं डिफेनबाकिया, अळूच्याच कुळातलं. दोघांच्याही पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेत आणि घशात टोचतात. अळू आपण नीट शिजवतो, वर चिंच घालतो, म्हणून फदफदं सुखाने खाता येतं. जीभ सुजून बोलती बंद होते म्हणून इंग्रजीत याला डम्ब केन म्हणतात. डॉक्टरांनी थंड दूध पाजलं आणि श्वासाला त्रास होत नाही ना, ते बघायला दोन तास बसवून ठेवलं. "उलटी करवली नाहीत ते बरं केलंत," म्हणाले. (मी करवणारच होतो. आईने हात धरला.) संध्याकाळी बाईसाहेब पुन्हा बडबडायला लागल्या.

रविवारी मग झडती. मनीप्लांटात तेच स्फटिक. सोसायटीच्या कुंपणाला कण्हेर, जिची पानं, फुलं, खोड, सगळंच हृदयाचे ठोके बिघडवणारं. गेटपाशी बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. हिच्या बिया आम्ही लहानपणी खिशात भरून खेळलोय! श्रीलंकेत याच बिया खाऊन जीव देणारे इतके, की तिथल्या हॉस्पिटलांना हे पेशंट नवे नाहीत. आणि देवघरात, आजीच्या डबीत, गुंजा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गुंज अख्खी गिळली तर कडक सालीमुळे बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते. चावली, फुटली तर आतलं ॲब्रिन जीवघेणं.

बायको म्हणाली, सगळं उपटून टाक. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही कण्हेर तोडा म्हणून ठराव! मला हे पटत नाही. तोडायचं तर काय काय तोडणार? केरळात त्रावणकोर आणि मलबार देवस्वम बोर्डांनी मे २०२४ मध्ये कण्हेरीचं फूल नैवेद्य-प्रसादातून काढलं. मला ते शहाणपणाचं वाटलं. जिथून ते तोंडात जातं तिथे अडवा, झाडाने कुणाचं घोडं मारलंय?

माझा राग नर्सरीवर आहे. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो, सिगरेटच्या पाकिटावर भयंकर चित्र असतं, आणि दीडशे रुपयांच्या कुंडीवर साधं नाव नाही. विकताना काय सांगितलं, तर "साहेब, एसीतसुद्धा टिकतं." परवा जाऊन विचारलं तर म्हणे, "झाड काय खायला नेता का?" अरे बाबा, दीड वर्षांचं मूल सगळं खायलाच नेतं!

आणि आपण तरी काय? नॅचरल म्हटलं की आपल्या पिढीचे डोळे मिटतात. फॉरवर्ड वाचून डायबेटिससाठी सदाफुलीची पानं चावणारे लोक माझ्या ऑफिसात आहेत. त्याच झाडातून कॅन्सरवरचं व्हिन्क्रिस्टिन काढतात, आणि ते मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली देतात, सकाळी मूठभर नाही.

असो. डिफेनबाकिया आता ऑफिसात माझ्या डेस्कवर आहे, तिथे पानं चावणारं कुणी नाही (बहुतेक). गुंजांची डबी कुलपात. बाकी कुंड्यांवर आईला विचारून विचारून नावाच्या चिठ्ठ्या लावल्या, विषारी त्यांना लाल. लेक सध्या त्या चिठ्ठ्या सोलून खाते आहे.