सिग्नल आहे, चित्र नाही

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो, तेव्हा दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री वाऱ्याने फिरली होती. वडील म्हणाले, "कॉलेजात जातोस ना? बघ जरा." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मी कला शाखेचा. पण 'हा माझा विषय नव्हे' असे वडिलांना सांगण्याचा धीर झाला नाही.

पत्र्यावर चढलो. खालून धाकटी बहीण पडद्यावरचे आकडे ओरडून सांगू लागली. तिथे दोन पट्ट्या असतात. एक सिग्नलच्या जोराची, दुसरी गुणवत्तेची. जोर ८० आणि गुणवत्ता शून्य! तासभर छत्री फिरवली. जोराची पट्टी भलत्याच उपग्रहाने किंवा नुसत्या गोंगाटानेही भरते, हे मला ठाऊक नव्हते. चित्र मिळते ते गुणवत्तेवर.

शेवटी बहिणीने पडद्यावरचे वाचले, "९३.५ अंश पूर्व." तेव्हा कुठे भूगोल आठवला. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीबरोबरच फिरतो. म्हणून आपल्याला एकाच जागी स्थिर. आमचे गाव ७५ रेखांशाच्या आसपास आणि विषुववृत्ताच्या उत्तरेला. म्हणजे तो आमच्या आग्नेयेला, क्षितिजापासून ६० अंशांच्या सुमारास. छत्री तिकडे वळवली, कडुनिंबाची आड येणारी फांदी बाजूला बांधली, बोटभर इकडे, बोटभर तिकडे केले आणि बहीण ओरडली, "पासष्ट!" सह्याद्री वाहिनी दिसू लागली. आजी खूश झाली. वडिलांनी मात्र विचारले, "शाळेतच शिकलावतास, मग तासभर का घालवलास?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अक्षांश-रेखांश मी पाठ केले ते पाच गुणांसाठी, आणि पेपर संपताच विसरलो. विद्यार्थी मित्रांनो, दोष एकट्या परीक्षेचा नाही, आपलाही आहे. हाताने करायचे ते काम मिस्त्रीचे आणि पुस्तक तेवढे आपले, असे आपण मानून बसलो आहोत. आपले आईबाप पोटाला चिमटा घेऊन शिकवतात ते एवढ्यासाठी नव्हे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात एक दिवस अशा कामांना द्यावा, असे मला वाटते. गावातल्या बंद छत्र्या नीट कराव्यात आणि त्या का चालतात, हेही मराठीत समजावून सांगावे. गुणपत्रिकेवर जोर पुष्कळ दिसतो. गुणवत्ता किती, हे आपल्या घरच्या पत्र्यावर चढल्यावर कळते.