अनाथ नातवंडांना घराबाहेर का?

कर्ता मुलगा अकाली वारतो. त्याची विधवा आणि मुले आजोबांच्या घरात राहत असतात. पुढे आजोबाही जातात. चाळिसावा होतो न होतो तोच दीर भावजयीला सांगतात, 'या घरात तुमचा हिस्सा नाही, खोली रिकामी करा.' अशा तक्रारी घेऊन भगिनी माझ्याकडे येतात. घर बांधताना माझ्या नवऱ्यानेही पैसे घातले, मग माझी मुले परकी कशी, हा त्यांचा प्रश्न असतो.

हिश्श्याबाबत दीर कायद्याला धरून बोलत असतात, हीच खरी अडचण आहे. १९३७च्या शरियत कायद्यानुसार आपला वारसा व्यक्तिगत कायद्याने ठरतो. त्यात जन्माने हक्क मिळत नाही. मृत्यूच्या वेळी हयात असलेल्या वारसांनाच हिस्सा मिळतो. बाप आजोबांच्या आधी वारला आणि एखादा काका हयात असला, तर हनफी परंपरेप्रमाणे नातवंडे 'महजूब', म्हणजे वारसातून बाद होतात. बाप आजोबांनंतर एका दिवसाने वारला असता, तर हीच मुले हिस्सेदार ठरली असती.

शरियतला हात लावता येत नाही, असे आपल्याला सांगितले जाते. पण इजिप्तने १९४६ मध्ये अशा नातवंडांसाठी एक तृतीयांशाच्या मर्यादेत सक्तीच्या वसीयतीची तरतूद केली. पाकिस्तानने १९६१च्या अध्यादेशाने त्यांना बापाचा हिस्सा देऊ केला. मुस्लिमबहुल देशांना हे जमले, मग भारतात ही मागणी इस्लामविरोधी कशी ठरते? वाटणीच्या वेळी हजर असलेल्या नातलगांना आणि अनाथांनाही काही द्या, असे कुरआनच्या सूरह निसामध्ये (४:८) सांगितले आहे.

कायदा बदलेपर्यंतही बरेच करता येते. नातवंडे वारस नसल्यामुळेच आजोबा त्यांच्या नावे एक तृतीयांशापर्यंत वसीयत करू शकतात. त्यासाठी इतर वारसांची संमती लागत नाही. हयातीत ताबा देऊन हिबा करता येतो, त्याला एक तृतीयांशाची मर्यादाही नाही. घरात तरुण मुलगा दगावला असेल, तर आजोबांनी हे काम पुढे ढकलू नये.

विधवा भगिनींनीही धमकीला घाबरून घर सोडू नये. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग मालकीत नाव असो वा नसो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विधवेच्याच प्रकरणात हा हक्क मान्य केला. कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. कुलूप बदलले, सामान रस्त्यावर टाकले, तर संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा दंडाधिकाऱ्याकडे दाद मागावी.

हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. म्हणूनच अनाथ नातवंडांना बापाचा हिस्सा मिळावा, ही मागणी आपण मुस्लिमांनीच संसदेपुढे ठेवली पाहिजे.