विडी विझते, ओढ विझत नाही

घरातल्या कर्त्या माणसाला विडी-सिगारेटचे व्यसन असले, की बहुधा दोनच गोष्टी घडतात. एक तर रोजची कटकट, नाहीतर 'आता या वयात काय सुटणार' असे म्हणून घातलेले हात झटकून टाकणे. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत असते: धूम्रपान ही नुसती सवय आहे आणि मनाचा निग्रह केला की ती सुटते. वस्तुस्थिती तशी नाही.

तंबाखूच्या धुरातले निकोटिन अवघ्या दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते आणि क्षणभर बरे वाटते. सुमारे दोन तासांत त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. मग चिडचिड, अस्वस्थता, कामात लक्ष न लागणे सुरू होते. पुढची विडी ओढली की हे थांबते. 'विडीने डोके शांत होते' असे ओढणारा म्हणतो, ते खोटे नाही. पण ते डोके अशांत केलेले असते आधीच्या विडीनेच! सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी लागत असेल, तर व्यसन चांगलेच मुरले आहे असे समजावे.

मग कर्करोग कशाने होतो? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या कर्करोगकारकांच्या यादीत निकोटिनचे नाव नाही. तंबाखूच्या धुराचे मात्र आहे. या धुरात कर्करोगाला कारण होणारी डझनावारी रसायने असतात. त्यांपैकी काही तर तंबाखू वाळवताना आणि मुरवताना निकोटिनपासूनच तयार होतात. थोडक्यात, निकोटिन माणसाला बांधून ठेवते आणि धूर त्याचा घात करतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका रोज किती विड्या ओढल्या याहीपेक्षा किती वर्षे ओढल्या यावर अधिक अवलंबून असतो. आणि ही वर्षे वाढवते ते व्यसनच. विड्या निम्म्यावर आणल्या तरी माणूस नकळत झुरके खोल घेऊ लागतो. शरीर आपला निकोटिनचा वाटा वसूल करते आणि त्याबरोबर विषही पदरात घेते.

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याला हा विषय परका नाही. नगर शहर आणि संगमनेर ही विडीधंद्याची जुनी ठिकाणे. पद्मशाली आणि इतर समाजांतील कितीतरी बायकांनी मांडीवर सूप घेऊन, विड्या वळून संसार चालवले. 'विडी म्हणजे पान आणि चिमूटभर तंबाखू, सिगारेटपेक्षा सौम्य' हा समजही इथे तितकाच जुना. परंतु १९७४ मध्ये डॉ. एल. डी. संघवी यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांसोबत दोन्हींचा धूर तपासला, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड आणि काही कर्करोगकारक द्रव्ये विडीच्याच धुरात अधिक आढळली. शिवाय विडी विझू नये म्हणून झुरकेही भरभर मारावे लागतात.

धूर न काढणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर मळून खाणारे, मिश्री लावणारे वगैरे २४.४ टक्के. निकोटिनची ओढ इथेही तीच. रोग मात्र मुख्यतः तोंडात होतो.

मग करायचे काय? पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत तरुणांनी दुकानांतल्या विड्या, सिगारेटी, तंबाखू गोळा करून होळीत जाळल्या आणि गावातली विक्री बंद केली. हाताशी माल नसला की नवी पोरे या वाटेला कमी लागतात, हा त्यातला मोठा लाभ. पण ज्याला व्यसन आधीच जडले आहे, त्याला होळी पुरत नाही. त्याला उपचार हवेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगम किंवा औषधे घेता येतात. त्यात धूर नसल्याने ओढ हळूहळू उतरवता येते. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फुकट समुपदेशन मिळते. पहिला आठवडा सर्वांत कठीण. त्या दिवसांतली चिडचिड घरच्यांनी आजाराचे लक्षण म्हणून सोसावी. एकदा पुन्हा ओढली, तर टोमणा न मारता पुन्हा सुरुवात करावी.

आणि विडी सुटावी असे म्हणताना, ती वळणाऱ्या हातांना दुसरे काम मिळावे, हेही तितक्याच मोठ्याने म्हटले पाहिजे. एका घरातला रोग घालवताना दुसऱ्या घरातली चूल विझू नये.

'या वयात काय उपयोग' म्हणणाऱ्यांसाठी एकच हिशेब. ब्रिटनमधील डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करून २००४ मध्ये जे निष्कर्ष निघाले, त्यांनुसार तिशीत सिगारेट सोडणाऱ्याला सुमारे दहा वर्षांचे आयुष्य परत मिळते, पन्नाशीत सहा आणि साठीत तीन. नातवाला शाळेत सोडायला तीन वर्षे काही थोडी नव्हेत.