काटा वाचता आला पाहिजे

२०२५ सालचा उन्हाळा सरता सरता आमच्या घरी एक कागद आला. माझ्या ताईच्या बी.एड. सीईटीच्या निकालाचा. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून तो काढून आणला आणि बाबांच्या हातात दिला. कागदावर ६१ हा आकडा, त्यापुढे दशांशचिन्ह आणि मग अंकांची लांबलचक रांग. बाबांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यांनी आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, "एकसष्ट टक्के! म्हंजे फस्कलास झाली पोरगी!" लगेच पाव किलो पेढे आले. ताई मात्र स्वयंपाकघरात तोंड लपवून बसलेली. पेढा घ्यायला आलेली शेजारची काकू तिला म्हणाली, "पास झाली तं मंग रडून काऊन रायली व माय?"

काकूच्या या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्या घरात कोणापाशीच नव्हते. ताईपाशीही नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते की मैत्रिणींचे आकडे तिच्या आकड्यापेक्षा मोठे आहेत. पुढे प्रवेशाच्या फेऱ्या झाल्या. जवळपासच्या अनुदानित महाविद्यालयात तिचा नंबर लागला नाही. विनाअनुदानित जागेची फी आम्हांला झेपणारी नव्हती. ताईचे एक वर्ष घरी गेले. घरी बसलेल्या मुलीकडे पाहुणे येऊ लागतात, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

मित्रमैत्रिणींनो, आता मी स्वतः बी.ए.च्या अखेरच्या वर्षाला आहे आणि तोच अर्ज भरते आहे. म्हणून या वेळी मी ताईला शेजारी बसवून तिच्या परीक्षेची उजळणी केली. तिने सहज सांगितले, "शंभरातले एकोणतीस प्रश्न मी सोडले गं. चुकलं तर मार्क कापतात ना!" मी कपाळाला हात लावला. बी.एड. सीईटीला १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटे. आणि चुकीच्या उत्तराला एकही गुण कापला जात नाही! माहितीपुस्तिकेत हे छापलेले असते. पण ती पुस्तिका तिने उघडली नव्हती आणि तिला कोणी उघडायलाही सांगितले नव्हते. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एकावर बोट ठेवले असते, तरी एकोणतिसांपैकी सरासरीने सात उत्तरे बरोबर आली असती. हे सात गुण अज्ञानामुळे गेले असे मी म्हणणार नाही, कारण ताईचा अभ्यास चांगला होता. ते गेले ते परीक्षेचा काटा वाचता न आल्यामुळे.

आमचे बाबा अकोल्याच्या बाजारात तूर घेऊन जातात तेव्हा काट्यासमोरून हलत नाहीत. काटा शून्यावर आहे की नाही, पोत्याचे वजन किती धरले, ओलाव्याची कटती किती लावली, सगळे डोळ्यांत तेल घालून पाहतात. आपण मुले मात्र तीन वर्षांची मेहनत एका यंत्रावर नेऊन ठेवतो आणि ते यंत्र मोजते कसे, हे विचारतसुद्धा नाही.

तर पहिला प्रश्न हा, की ६१ म्हणजे काय? तो टक्का नव्हे, तो शततमक. त्यालाच आपण पर्सेंटाइल म्हणतो. समजा, तुमच्या सत्रात ४००० जण परीक्षेला बसले आणि तुम्ही धरून ३००० जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण पडले, तर तुमचा शततमक ७५. मग तुमचे गुण ५८ असोत की ६४. टक्का सांगतो की पेपरातले किती जमले; शततमक सांगतो की रांगेत तुमची जागा कोठे आहे. म्हणून ६१ शततमकाला फर्स्ट क्लास म्हणणे जसे चूक, तसेच ४० शततमकाला नापास म्हणणेही चूक.

हे एवढे उपद्व्याप कशासाठी, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. परीक्षार्थी पुष्कळ आणि संगणक थोडे, म्हणून परीक्षा अनेक सत्रांत घ्यावी लागते आणि प्रत्येक सत्राचा पेपर निराळा असतो. सकाळचा पेपर अवघड गेला आणि दुपारचा सोपा, तर नुसत्या गुणांवर यादी लावणे हा सकाळच्या मुलांवर अन्याय होईल. म्हणून सकाळच्यांची तुलना सकाळच्यांशी आणि दुपारच्यांची दुपारच्यांशी करायची आणि मग रांगा जोडायच्या. आपल्या राज्यात अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राची सीईटी २०१९ साली संगणकावर आली, तेव्हापासून 'पर्सेंटाइल' हा शब्द घरोघरी गेला. या पद्धतीत एक गृहीत मात्र दडलेले आहे. प्रत्येक सत्रात हुशार आणि बेताच्या मुलांचे मिश्रण सारखे असले पाहिजे. परीक्षार्थींची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली तरच हा न्याय खरा, एरवी तो कागदावरचा.

शततमकाची आणखी एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रांगेच्या मध्यभागी गर्दी फार असते. तेथे दोन-चार गुण वाढले की शेकडो जण मागे पडतात. ताई नेमकी त्या गर्दीत उभी होती. सात गुणांची किंमत तेथे किती झाली असती, याचा हिशेब मी तिला अजून सांगितलेला नाही.

आता दुसऱ्या प्रकारच्या परीक्षेकडे वळते. आमच्या आळीतला एक दादा परदेशी शिक्षणाच्या तयारीला लागला आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या आशेवर. तो ज्या विद्यापीठांना अर्ज करणार आहे त्यांतली काही जीआरईचे गुण विचारतात. त्याने सरावाची पहिली परीक्षा दिली आणि हिरमुसून आला. "पहिला भाग बरा गेला, पण दुसऱ्या भागात यंत्रानं असे काही प्रश्न काढले की मी संपलोच!" निकाल पाहिला, तर त्याच्या अपेक्षेपेक्षा चांगला. हे कोडे उलगडायला आम्हां दोघांना आठवडा लागला.

ही परीक्षा माणूस पाहून प्रश्न बदलते. पहिल्या भागात गणिताचे १२ प्रश्न. ते जसे सोडवाल त्यावरून दुसऱ्या भागातील १५ प्रश्न सोपे यायचे की अवघड, हे ठरते. भाषेचेही तसेच. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाची सॅट ही परीक्षा परदेशांत २०२३ पासून आणि खुद्द अमेरिकेत २०२४ पासून याच वळणाने होते. व्यवस्थापन शिक्षणाची जीमॅट तर एकेका प्रश्नानंतर पुढचा प्रश्न निवडते. तेव्हा दादाच्या पुढ्यात अवघड प्रश्न आले ती शिक्षा नव्हती. ती बढती होती.

आपल्या मनाला हे चटकन पटत नाही. सर्वांना एकच पेपर, हीच आपली न्यायाची कल्पना. पण जरा यात्रेतली कुस्त्यांची दंगल आठवा. लहान पोरांच्या रेवडीच्या कुस्तीत पाच पोरे लोळवणारा मोठा, की नामांकित पहिलवानाशी अर्धा तास झुंजून बरोबरीत सुटणारा? गावातले अडाणी म्हातारेसुद्धा याचे उत्तर देतील. किती कुस्त्या मारल्या एवढेच कोणी मोजत नाही. कोणाशी धरली तेही पाहतात. या परीक्षेचे गणित तेच. प्रत्येक प्रश्नाची अवघडाई आधी असंख्य मुलांच्या उत्तरांवरून ठरवून ठेवलेली असते आणि तुम्ही किती अवघडाईपर्यंत टिकता यावरून तुमचा आकडा निघतो. डेन्मार्कच्या गेऑर्ग रॅश यांनी १९६० साली ग्रंथरूपाने मांडलेले गणित या पद्धतीच्या मुळाशी असलेल्या विचारांपैकी एक आहे. आणि खरे सांगायचे तर ही पद्धत आपल्याला नवी नाहीच. तोंडी परीक्षेत आपण नीट उत्तर दिले की सर पुढचा प्रश्न अवघड टाकतात. अडखळलो की सोपा विचारून धीर देतात. यंत्राने एवढेच काम हिशेबाने करायला घेतले आहे.

एकच पेपर म्हणजे न्याय, या श्रद्धेला २०२४ साली मोठा तडा गेला, हेही विसरून चालणार नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा पेपर हजारीबाग आणि पाटणा येथे फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. मात्र सर्वांची फेरपरीक्षा घेण्यास नकार दिला. देशभर एकच पेपर असला की एक पेटी फुटली तरी सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो.

म्हणून यंत्राची आरती ओवाळावी असेही माझे म्हणणे नाही. अवघड इंग्रजी शब्द आणि अवघड विचार यांतला फरक ते यंत्र ओळखत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला प्रश्नातला शब्द अडला, तर यंत्राच्या लेखी त्याचा विचारच अडला. शिवाय संगणक ज्याच्या घरी आहे त्याचा हात आणि ज्याने माऊस परीक्षागृहातच पहिल्यांदा धरला त्याचा हात, हे दोन्ही हात यंत्र सारखेच समजते. हा दोष यंत्राचा थोडा आणि आपला अधिक. हात बसवणे आपल्याला शक्य आहे.

ताईच्या आणि दादाच्या अनुभवावरून मी माझ्यापुरते काही नियम केले आहेत. प्रथम, कोणती परीक्षा कशी मोजते ते पुस्तिकेतून वहीत उतरवून घ्यायचे. आपली सीईटी माणूस पाहून प्रश्न बदलत नाही. तेथे एखादा प्रश्न अडला तर खूण करून पुढे जावे आणि परत यावे. ९० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. एकाच प्रश्नाशी हट्ट धरून बसायला सवड नाही. गुण कापले जात नसतील तर एकही प्रश्न कोरा सोडू नये. जीआरईतही चुकीबद्दल गुण कापत नाहीत. तेथे चालू भागात मागे जाता येते, भाग संपला की नाही. प्रश्न अवघड वाटू लागले म्हणून घाबरू नये आणि सोपे वाटू लागले म्हणून खचू नये. आपण वर चढतो आहोत की खाली, याचा तर्क करीत बसणारा समोरचा प्रश्न घालवतो.

दुसरे, परीक्षेच्या दिवसाची तयारी आधीच्या आठवड्यात करावी. ओळखपत्रावरचे नाव आणि अर्जावरचे नाव एकच आहे ना, हे पाहावे. आपल्याकडे नावांचे घोटाळे काय थोडे असतात! केंद्र अकोल्याला असेल तर ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचवणारी एस.टी. धरावी, केंद्र लांबचे असेल तर आदल्या रात्रीच नातेवाइकांकडे मुक्काम करावा. फाटक बंद झाल्यावर घाटात गाडी बिघडल्याची सबब कोणी ऐकून घेत नाही. मनगटी घड्याळावर भिस्त ठेवू नये. वेळ पडद्यावर दिसते. आणि उत्तर निवडल्यावर ते जतन करायला विसरू नये.

आता प्राध्यापकवर्गाला नम्र विनंती. आपल्याला गुणपत्रिका देणाऱ्या संस्था पुष्कळ, पण गुणपत्रिका वाचायला शिकवणारा तास वेळापत्रकात कोठेच नाही. दिवाळीनंतर आठवड्यातून दोन तास संगणकाची खोली अखेरच्या वर्षाच्या मुलांना सरावासाठी उघडावी. सीईटी, नेट यांसारख्या प्रत्येक परीक्षेत प्रश्न किती, वेळ किती, चुकीला दंड आहे की नाही, आणि निकालातला आकडा टक्का आहे की शततमक, एवढ्या चार ओळी सूचनाफलकावर लावाव्यात. याला अनुदान लागत नाही. खडू आणि एक फळा पुरेल.

ताई यंदा पुन्हा परीक्षेला बसते आहे. परवा रात्री आम्ही दोघींनी घड्याळ लावून सरावाचा पेपर सोडवला. बाबा खाटेवर बसून पाहत होते. पेपर झाल्यावर त्यांनी विचारले, "यंदा किती सोडले व?" ताईने वही उलटी करून त्यांच्यापुढे धरली. एकही जागा कोरी नव्हती.