हृदयदोषाची तपासणी प्रसूतिगृहातच व्हावी

जन्मजात हृदयदोष असलेल्या तान्ह्या बाळाच्या बाबतीत शस्त्रक्रियेइतकीच तिची वेळ मोलाची असते. काही बाळांच्या फुफ्फुसांकडे रक्त फार कमी जाते आणि ती निळी पडतात. अशा वेळी हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुफ्फुसाच्या धमनीशी जोडून रक्ताला नवी वाट करून देतात. 1944 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ही शस्त्रक्रिया प्रथम झाली. काहींच्या हृदयाच्या पडद्याला मोठे छिद्र असते, फुफ्फुसांत रक्ताचा लोंढा जातो, बाळ दूध ओढताना धापा टाकते. तिथे छिद्र बुजवतात. ते लगेच शक्य नसेल तर फुफ्फुसाच्या धमनीभोवती पट्टी आवळून प्रवाह आवरतात. ही युक्तीही 1952 पासूनची. उपाय जुने आहेत, निदान मात्र अजून उशिरा होते.

जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूर, यावल, रावेरच्या बाळासाठी हा उशीर जीवघेणा ठरू शकतो. काही निळ्या बाळांचा जीव जन्मानंतर थोड्याच दिवसांत बंद होणाऱ्या एका वाहिनीवर तगून असतो. प्रोस्टाग्लँडिन हे औषध ती उघडी ठेवते, पण दोषाची शंका आली तरच ते दिले जाणार. म्हणून प्रत्येक प्रसूतिगृहात, बाळ घरी जाण्यापूर्वी, उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन मोजणे सक्तीचे करावे. कोरोनाने हे यंत्र घरोघरी पोहोचवले. नवजात बाळासाठी मात्र घरातले बोटाला लावायचे यंत्र चालत नाही, त्यासाठी योग्य यंत्र आणि वेगळा सेन्सर लागतो.

यावर आक्षेप येतील. मोठे छिद्र या तपासणीत सहसा सापडत नाही, हे खरे. त्याची लक्षणे बहुधा काही आठवड्यांनी दिसतात; आशाताई तर 42व्या दिवसापर्यंत घरी येतात. स्तनपानाच्या वेळचा घाम, धाप आणि न वाढणारे वजन त्यांनी याच दृष्टीने पाहावे. हे छिद्र दुर्लक्षित राहिले तर फुफ्फुसाच्या वाहिन्या कायमच्या कडक होऊ शकतात आणि मग पुढे शस्त्रक्रियाही करता येत नाही. खोट्या इशाऱ्यांची भीती घातली जाते. पण हृदय ठीक असूनही ऑक्सिजन कमी भरला, तर अनेकदा फुफ्फुसाचा आजार किंवा जंतुसंसर्ग निघतो, त्यालाही उपचार हवेच. मुंबई चारशे किलोमीटरांवर, मग निदान करून काय उपयोग, असेही विचारले जाईल. अंतर मोठे आहे म्हणूनच लवकर निघायला हवे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना खर्चाला हात देतात. त्यांच्यापर्यंत बाळ वेळेत पोहोचवणे आपल्या हाती आहे. जिल्हा आरोग्य विभागाने ही तपासणी आता सक्तीची करावी, आणि तोवर पालकांनी घरी निघण्यापूर्वी ती मागून घ्यावी.