सरासरीत बुडालेली वस्ती

आमच्या गावात वस्ती सुधारण्याच्या निधीतून सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा मी नववीत होते. रस्ता एसटीच्या थांब्यापासून निघाला, देवळाला वळसा घालून पाटलांच्या वाड्यापर्यंत गेला आणि तिथेच संपला. आमची वस्ती तिथून पुढे दोनशे पावलांवर. पावसाळ्यात आजी तेवढं अंतर चपला हातात घेऊन चालायची. फलकावर मात्र नाव आमच्याच वस्तीचं होतं. गावाचा विकास झाला असं कागदावर लिहिलं गेलं आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. गावात रस्ता झालाच होता.

मी घरातली पहिली पदवीधर. आज हैदराबादमध्ये एका छोट्या गटासोबत सरकारी अर्थसंकल्प वाचण्याचं काम करते. दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात युरोपीय संघाचा प्रादेशिक निधी आदर्श म्हणून शिकवला गेला. मागास भागापर्यंत पैसा कसा पोहोचवावा हे युरोपकडून शिकावं, असं शिकवणारे म्हणाले. मी वहीत एकच प्रश्न लिहिला: तिथला रस्ता वस्तीपर्यंत जातो का?

आधी व्यवस्था समजून घेऊ. युरोपीय संघाच्या अर्थसंकल्पाचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा प्रदेशा-प्रदेशांतली दरी कमी करण्यासाठी राखलेला असतो. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी ही रक्कम सुमारे ३९२ अब्ज युरो आहे. ज्या प्रदेशाचं दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी, तो 'कमी विकसित' ठरतो आणि त्याला मोठा वाटा मिळतो. तिथल्या प्रकल्पाचा ८५ टक्क्यांपर्यंत खर्च संघ उचलू शकतो. १९७५ साली सुरू झालेला प्रादेशिक विकास निधी उद्योग, दळणवळण, छोटे व्यवसाय यांसाठी आहे. त्याहून जुना सामाजिक निधी रोजगार, प्रशिक्षण आणि समावेशनासाठी आहे. या सामाजिक निधीतला किमान २५ टक्के पैसा वंचितांच्या समावेशनावरच खर्च व्हावा, असा नियम आहे. प्रत्येक कार्यक्रमावर देखरेख समिती असते. तिच्यात सरकारसोबत स्थानिक संस्था, कामगार संघटना आणि नागरी संघटना बसतात आणि प्रत्येक सदस्याला एक मत असतं.

वाचताना मलाही हेवा वाटला. मग मी रोमांबद्दल वाचायला घेतलं.

रोमा हा युरोपातला सर्वांत मोठा वांशिक अल्पसंख्य समूह. संघाच्या देशांत ते सुमारे ६० लाख आहेत. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून गेले, हे भाषेवरून सिद्ध झालेलं आहे. रोमानी भाषेत पाण्याला 'पानी' म्हणतात, कानाला 'कान' आणि माणसाला 'मनुश'. संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने केलेल्या पाहण्यांत दर पाचांपैकी चार रोमा दारिद्र्याच्या छायेत असल्याचं दिसलं. गावाबाहेरची वस्ती, वेगळा वर्ग, शिवीसारखं वापरलं जाणारं समाजाचं नाव, हे सगळं आपल्या वाचकांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

त्यांनाही हे साम्य दिसलं. हंगेरीच्या ईशान्येला शायोकाझा नावाचं गाव आहे. तिथे यानोश ओर्शोश आणि तिबोर देर्दाक यांनी बाबासाहेबांबद्दल वाचलं, महाराष्ट्रात येऊन इथली चळवळ पाहिली आणि २००७ साली रोमा मुलांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा सुरू केली. शाळेतून गळालेल्या मुला-मुलींना शालान्त परीक्षेपर्यंत नेणं हे तिचं काम. हा भाग ज्या उत्तर हंगेरी प्रदेशात येतो, तो संघाच्या हिशेबात 'कमी विकसित' आहे. म्हणजे सर्वांत जास्त मदतीला पात्र. तरीही तिथल्या मुलांना शाळा मिळवण्यासाठी स्वतःच शाळा काढावी लागली. असं का झालं?

माझं उत्तर असं आहे: निधी प्रदेश मोजतो, वस्ती मोजत नाही. आणि सरासरी काय लपवते हे सरकारांना चांगलं ठाऊक असतं. याचा पुरावा हंगेरीतच आहे. राजधानी बुडापेस्ट आणि तिच्याभोवतीचा पेश्त जिल्हा पूर्वी एकाच प्रदेशात मोजले जात. बुडापेस्टच्या श्रीमंतीमुळे सरासरी वर जायची आणि तुलनेने गरीब पेश्त 'विकसित' ठरून मोठ्या निधीला मुकायचा. सरकारने ही अडचण ओळखली, मागणी लावून धरली आणि २०१८ पासून दोघांचे दोन वेगळे प्रदेश झाले. पेश्त मदतीला पात्र ठरला. यात चूक काहीच नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की राजधानीच्या सरासरीत जिल्हा बुडतो हे कळलं तेव्हा नकाशा बदलला. गावाच्या सरासरीत वस्ती बुडते, तेव्हा नकाशाला कोणी हात लावत नाही. जिल्ह्याला मतदार असतात, पुढारी असतात, राजधानीत ओळखी असतात. वस्तीकडे यातलं काय असतं?

दुसरी गोष्ट अटींची. निधी देताना संघ देशांवर अटी घालतो. मूलभूत हक्क पाळा, रोमांच्या समावेशनाचं राष्ट्रीय धोरण तयार ठेवा. या अटींना दात आहेत का? आहेत. २०२२ च्या अखेरीस संघाने हंगेरीचा सुमारे २२ अब्ज युरोंचा निधी रोखून धरला. कारणं होती न्यायालयांचं आणि विद्यापीठांचं स्वातंत्र्य, निर्वासितांचे हक्क वगैरे. ती महत्त्वाची होतीच. पण त्या यादीत रोमा मुलांचे वेगळे वर्ग नव्हते. त्याच उत्तर हंगेरीतल्या ज्योंज्योशपाता गावच्या शाळेत रोमा मुलं खालच्या मजल्यावर आणि बाकीची वरच्या मजल्यावर शिकत होती. २०२० साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने या मुलांना भरपाई मंजूर केली, तेव्हा खुद्द पंतप्रधानांनी त्या निकालावर उघड नाराजी व्यक्त केली. धोरणाचा कागद तयार असला की अट पूर्ण होते. वर्ग एक झाला का, हे पाहायला वर्गात जावं लागतं.

मग हा सगळा पैसा वाया गेला म्हणायचं का? मी तसं म्हणणार नाही. स्पेनमध्ये २००० साली सामाजिक निधीच्या मदतीने 'आक्सेदेर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. रोमा तरुणांना प्रशिक्षण द्यायचं, मालकांशी बोलायचं आणि नोकरीपर्यंत सोबत करायची, असं त्याचं काम. तो चालवणारी संस्था रोमांसाठीच काम करणारी आहे आणि एकदोन वर्षांत गुंडाळला न जाता तो देशभर टिकला. स्लोव्हाकियाने २००४ साली रोमा वस्त्यांचा नकाशासंग्रह तयार केला: कोणत्या वस्तीत पाणी आहे, कुठे सांडपाण्याची सोय नाही, रस्ता कुठवर जातो. वस्ती कागदावर आली की निदान वाद तरी घालता येतो. उलट युरोपीय लेखापरीक्षकांनी २०१६ साली रोमांवरच्या खर्चाची तपासणी केली, तेव्हा मोठी अडचण हीच निघाली की पुरेशी आकडेवारी नसल्याने कोणाचं किती भलं झालं हे नीट मोजताच येत नव्हतं.

म्हणून माझ्या मते तीन गोष्टी लागतात. समूहाचं नाव घेऊन ठेवलेला पैसा, वस्तीपर्यंत जाणारी मोजणी आणि योजना लिहिली जाते त्या टेबलावर त्या समूहाची खुर्ची. यातली एक जरी निसटली तरी रस्ता वाड्यापाशी थांबतो.

हे आत्ता लिहायचं कारण आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने २०२८ ते २०३४ या काळासाठी नवा प्रस्ताव मांडला. त्यात प्रादेशिक निधी, सामाजिक निधी, शेतीचं अनुदान असे वेगळे कप्पे मोडून प्रत्येक देशासाठी एकच मोठी योजना करायची आहे. कारभार सुटसुटीत होईल, असं सांगितलं जातं. 'सुटसुटीत' हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात, कारण आपण तो अनुभव घेतला आहे. आपल्याकडे १९७९ पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना होती: लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेतला वाटा. कप्पा असूनही पैसा पळत होताच. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी दिल्लीत याच उपयोजनेचे शेकडो कोटी रुपये वळवले गेले. पण कप्पा होता म्हणून चोरी पकडता आली. २०१७-१८ पासून योजना आणि योजनेतर हा भेद संपला, आणि वाटा नेमका कशातून मोजायचा तो पायाच सरकला. आज मी आकडे शोधते तेव्हा रस्ते, वीज, खतं अशा सर्वांसाठीच्या खर्चाचा एक तुकडा आमच्या नावावर टाकलेला दिसतो. युरोपातले रोमा कार्यकर्ते पुढची सात वर्षं हेच शोधत बसू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

आपल्यातले पहिल्या पिढीचे पदवीधर सहसा डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी व्हायची स्वप्नं पाहतात. ती पाहावीतच. पण बाबासाहेबांचा १९२५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या वाटचालीवर आहे, हे आपण कितीदा आठवतो? केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला गेला, तिजोरीची किल्ली कोणाकडे होती, याचा तो अभ्यास आहे. आपल्या घरांत त्यांचा फोटो आहे, त्यांची ही विद्याशाखा मात्र आपण दुसऱ्यांच्या हाती सोडली. आपल्या राज्याच्या अर्थसंकल्पातलं अनुसूचित जाती-जमातींचं विवरण काढून वाचा. तो दस्तऐवज सार्वजनिक असतो. आपल्या गावाच्या नावावर काय पडलंय ते पाहा आणि ते काम कुठे झालंय ते जाऊन बघा.

मागच्या दिवाळीत मी गावी गेले तेव्हा त्या कामाची मोजमाप पुस्तिका माहितीच्या अधिकारात मागितली. अर्जावर आजीने शेजारी बसून पत्ता सांगितला. उत्तर अजून आलेलं नाही. पहिलं अपील टाकलं आहे.

जय भीम.